ठेका

मी वस्तीतल्या पोरापोरींसाठी कादंबरी लिहितोय. टेबल न्हाई, खोली न्हाई. पहाटे चारला नळ येतो. हंडे भरले की सहापर्यंत उंबऱ्यावर बसून लिहायचं, मग काम. रोज.

लिहिण्याआधी वामनदादा कर्डकांचं एखादं गाणं गुणगुणतो. त्या ठेक्यात वाक्य चाललं तर ठेवतो. दम तुटला की खोडतो.

एक संपादक म्हणाले, ही भाषा अशुद्ध. अहो, अण्णाभाऊ साठे शाहीर म्हणून आधी गाजले. १९४४ साली सोबत्यांसह लाल बावटा कलापथक काढलं. १९५९ साली ‘फकिरा’ आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. कान आधी तयार झाला, मग कादंबरी.

माझं पान गल्लीतली नववीची पोर मोठ्यानं वाचते. ती अडखळते तिथंच बदलतो. संपादकासाठी न्हाई.