छिद्राचा लंब

वडोदऱ्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जुळणी-कारखान्याचे उद्घाटन झाले. करारातील ५६ विमानांपैकी ४० भारतात बांधण्याचे ठरले आहे. अशा बातम्यांत विमानांची संख्या येते, छिद्रांची येत नाही. विमानाचे कवच मात्र हजारो रिव्हेटांनी सांधलेले असते आणि प्रत्येक रिव्हेटाआधी एक छिद्र पाडावे लागते.

ते छिद्र पृष्ठभागाला लंब हवे. जाडी १० मिलिमीटर असताना ड्रिल एका अंशाने कलले, तर छिद्राचे दुसरे तोंड सुमारे ०.१७ मिलिमीटर सरकते. मग रिव्हेटाचे डोके खाचेत सपाट बसत नाही, भारही असमान वाटला जातो. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छप्पर उड्डाणातच फाटून गेले आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. सांध्याचा चिकट थर सुटून रिव्हेटांच्या छिद्रांपाशी थकव्याच्या चिरा वाढल्या होत्या. तेथे दोष तिरकेपणाचा नव्हता. पण कवच कोठे हळवे असते, ते त्या अपघाताने दाखवले.

सुताराजवळ गुण्या असतो, गवंड्याजवळ ओळंबा. यंत्रबाहूचे काम अधिक अवघड, कारण विमानाचे अंग वक्र असते आणि लंबाची दिशा बिंदूगणिक बदलते. आराखड्यातील वक्रता प्रत्यक्षात तंतोतंत उतरतेच असेही नाही. म्हणून ड्रिलभोवती तीन किंवा चार लेसर अंतरमापक बसवतात. तीन बिंदू प्रतल ठरवतात, चौथा पडताळा देतो. अंतरांवरून कल काढून बाहू स्वतःला सावरतो. हे वळणे ड्रिलच्या टोकाभोवतीच व्हावे लागते. नाहीतर दिशा सुधारताना जागा चुकते.

त्यानंतर दाब येतो. ड्रिल टेकताच बाहूचे सांधे किंचित लवतात, टोक घसरू पाहते. म्हणून दाब दिल्यावरची स्थितीही तपासावी लागते.

कुशल कामगार हे सारे मनगटाने साधत आला. ते मनगट नेमके काय करत होते, हे यंत्राला शिकवताना प्रथम अंकांत मांडावे लागले. त्या अंकांत ढिलाई चालत नाही. चुकलेले छिद्र मोठे करून जाड रिव्हेट बसवता येते. गेलेला धातू मात्र परत येत नाही.