मामाच्या बंदुकीचे आटे

शुक्रवारी रात्री मामाचा फोन. "तुझ्याकडे तो गंज सोडवायचा फवारा आहे ना? येताना घेऊन ये." मी येणार आहे हे त्यानेच ठरवून टाकलं होतं. शनिवारी डहाणू लोकल, डहाणू रोडवरून तलासरीची एसटी, मग अर्धा तास पायी. सॅकमध्ये लॅपटॉप (सपोर्टची ड्यूटी होती, कुणाला सांगू नका), फवारा आणि व्हर्नियर. हा व्हर्नियर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्यानंतर त्याचा उपयोग शून्य, कारण आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले.

मामाकडे ठासणीची बंदूक आहे, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. पालघर जिल्हा झाला 2014 साली, त्यामुळे मामाच्या जुन्या परवान्यावर अजून 'जिल्हा ठाणे'. डुक्कर मारायचं म्हटलं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. मामा त्या भानगडीत पडत नाही. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर बसायचं आणि नुसत्या दारूचा बार काढायचा. आवाजाने कळप पळतो.

आता ही बंदूक न बघितलेल्यांसाठी थोडं. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजाने ठासायची. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक पोकळ नळी आट्यांवर बसवलेली असते, ती निपल. तिच्यावर तांब्याची केप चढवायची. घोडा केपेवर आपटला की ठिणगी निपलमधून आत जाते. म्हणजे सगळा मामला त्या पाच-सहा आट्यांवर. बार उडताना आतला दाब त्यांच्यावरही येतो, आणि त्या वेळी मामाचा उजवा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो.

तर ते निपल जाम झालं होतं. भोक बुजलं होतं आणि ते फिरतच नव्हतं.

पहिलं काम मी केलं ते बंदूक रिकामी आहे ना ते बघण्याचं. मामा वैतागला, "अरे मीच काढलाय बार." तरी गज नळीत सोडायला लावला, तोंडाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक निपलपर्यंत पोचलं. रिकामी. परवाना मामाच्या नावावर, म्हणून बंदूक त्याच्याच मांडीवर. मी फक्त पाना धरणार.

मी फवारा काढला, तर मामा म्हणाला, "थांब. आधी पाणी." मामीने चुलीवरचं कढत पाणी आणलं. मला वाटलं, लोखंडाला पाणी? पण बरोबर तोच होता. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग राख आणि क्षार म्हणून मागे राहतो. ते क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि गंज तिथून सुरू होतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. वरून कितीही तेल ओता, खाली मीठ बसलेलंच. तीन पाणी काळी कुळकुळीत निघाली. मग पुसून, वाळवून माझा फवारा, आणि तासभर गप्प बसायचं. पाना मापाचाच घ्यायचा, पक्कड लावली की कडा गोल झाल्याच म्हणून समजा. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट. चौथ्या खेपेला कुट्ट आवाज आला.

सुटलेल्या निपलवर गंज नव्हताच! आट्यांभोवती सुताचा दोरा गुंडाळलेला, इंजिन ऑईल आणि काजळीने डांबरासारखा घट्ट झालेला.

"हे काय?"

"सैल बसायचं. म्हणून दोरा."

मूळ निपलचं तोंड ठोकून ठोकून चपटं झालं, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी हे दुसरं आणलं होतं. जुनं मात्र चुन्याच्या डबीत जपून ठेवलेलं. (आमच्या घराण्यात टाकून देणे हा प्रकार नाही.) व्हर्नियर लावला. जुनं 6.3 मिलिमीटर, नवं 5.9. म्हणजे मूळ भोक पाव इंचाचं, इंची आट्यांचं, आणि त्यात सहा मिलिमीटरचं मेट्रिक निपल. आट्यांचं अंतरही जुळत नाही, पण दोरा गुंडाळून चार-पाच फेरे बसतं. बसतं म्हणजे अडकतं, धरत नाही.

तेव्हा माझं लक्ष मामाच्या चेहऱ्याकडे गेलं. उजवी भुवई अर्धी नव्हती. आल्यापासून समोर होती आणि मी फवाऱ्याच्या गप्पा मारत होतो. "बाजूने धूर येतो थोडा, चटका बसला," मामा म्हणाला. थोडा!

खरं तर मी सोबत आग्या मोहोळाचं मेण आणि खोबरेलाचं मलम करायचं ठरवून आलो होतो. स्वच्छ, कोरड्या आट्यांवर त्याचा पातळ हात दिला की निपल पुढच्या वेळी सहज सुटतं. फक्त ते भोकात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर दारू ओली होऊन बार फुसका. पण मलम चांगल्या आट्यांना. इथे ते लावलं असतं तर निपल आणखी गुळगुळीतपणे बाहेर उडालं असतं.

मामाचं म्हणणं, तलासरीत लेथवाला आहे, दहा मिनिटांत नवे आटे पाडून देईल. देईलही. पण बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानेच करायची, हा त्याच कायद्यातला नियम. तासभर वाद झाला. "तुला शहरात बसून काय कळतंय, डुक्कर रात्रीत शेत लोळवतं." मामी मध्ये पडली नाही, फक्त आरसा आणून मामासमोर ठेवला.

शेवटी बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेली. कागद, सह्या, आणि 'बघू, दोन-तीन आठवडे'. ते दोन-तीन आठवडे नेमके निसवणीचे.

काल रात्री साडेअकराला मामाचा फोन. मागे डबा बडवल्याचा आवाज. बांधाकडचं सहा गुंठे भात गेलं म्हणाला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून भुवईचं विचारलं.

"येतेय," म्हणाला आणि परत डबा बडवायला लागला.