रिते होणारे कोठार

रक्तदाबाची गोळी घेणारे एखादे माणूस आज अनेक घरांत आढळते. त्या गोळीच्या जोडीला आणखी काय पोटात जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हृदयापर्यंत पोहोचणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. आपण जिना चढतो, दचकतो, तेव्हा ते बाहेर पडून ठोके वाढवते. सर्पगंधेच्या मुळातील रेसर्पिन या पिशव्या भरण्याची वाटच अडवते. हळूहळू कोठार रिते होते, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा हा गुण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला. औषध गुणकारी खरे. पण जे गुण करते, ते अपायही करू शकते.

माझ्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. ठोके आवरणारी बीटा-ब्लॉकर गोळी त्यांना चालू होतीच. झोपेसाठी त्या सर्पगंधेच्या गोळ्याही घेत. “झाडाचं मूळ ते, त्याला औषध कशाला म्हणायचं?” असे त्यांचे म्हणणे. पुढे उठताना भोवळ येऊ लागली, नाक चोंदू लागले, बोलणे-हसणे आटले. भेटायला येणारे म्हणत, “वयच झालं आता.” डॉक्टरांनी नाडी मोजली, ती मिनिटाला चव्वेचाळीस भरली. त्यांनी घरातील सगळ्या डब्या मागवल्या, तेव्हा उलगडा झाला.

सर्पगंधा थांबवली, तरी नाडी लगेच वर आली नाही. कोठार पुन्हा भरायला दिवस, कधी आठवडेही लागतात. त्या काळात आत्याबाईंना उठताना आधार द्यावा लागला. महिन्याभराने त्या पुन्हा शेजारणीशी गप्पा मारू लागल्या. वयाने ओढून नेलेले वाटत होते, ते औषधाने नेले होते.

म्हणून विनंती एवढीच. चूर्ण, काढा, गोळी, सारे डॉक्टरांसमोर मांडा. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य. आपल्या मनाने काही बंद करू नका. रोज मिनिटभर नाडी मोजा. नाडी पन्नासच्या खाली गेली, भोवळ आली किंवा मन अकारण खिन्न राहिले, तर ते वयाच्या माथी मारू नका. डॉक्टरांना त्वरित कळवा.