मोटारीने तंजावरच्या किनाऱ्यावर

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. त्याला गाव म्हणावे अशी आता तेथे फारशी खूण उरलेली नाही. कारखाने, मोठी रुग्णालये, कामगारांच्या वसाहती आणि २०२५ सालापासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, असे त्याचे आजचे रूप. परंतु मराठी माणसाने मोटारीचे तोंड दक्षिणेकडे वळवून येथून निघावे, याला एक ऐतिहासिक औचित्य आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती. त्यांचे पुत्र एकोजी, ज्यांना व्यंकोजी असेही म्हणतात, येथूनच पुढे तंजावरास गेले आणि १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापून बसले. मागे राहिलेले बंगळूर १६८७ मध्ये मोगलांच्या हाती पडले आणि त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लाख रुपयांना विकून टाकले. आज बोम्मसंद्र्यास त्या रकमेत घर बांधण्यापुरती जमीनसुद्धा मिळणार नाही!

डिसेंबरच्या अखेरीस, मुलांच्या शाळेस सुट्टी लागताच, आम्ही सहकुटुंब या वाटेने निघालो. पहाटे पाचला निघावे हे बरे. उजाडल्यानंतर होसूर रस्त्यावर मालमोटारींची जी रांग लागते, तिच्यात उत्साह निम्मा संपतो. अत्तिबेले ओलांडले की कर्नाटकाची हद्द संपते. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी ही गावे झपाट्याने मागे पडतात. धर्मपुरी आणि सेलम यांच्या दरम्यान तोप्पूरचा घाट लागतो. हा उतार दिसावयास साधा, परंतु अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. येथे घाई करू नये. सेलमवरून नामक्कल, आणि तेथून त्रिचनापल्लीच्या दिशेने वळले की थोड्याच वेळात उजव्या हातास कावेरी दिसू लागते. तोवरचा दगडाळ, तांबूस मुलूख जणू कोणी पुसून टाकतो, आणि केळीच्या बागा व भाताची खाचरे सुरू होतात. चारशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास थांबत थांबत केला तरी दिवेलागणीपूर्वी तंजावरास पोहोचता येते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराविषयी मी येथे फार लिहिणार नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले ते दोनशे फुटांहून उंच शिखर वाचकांनी चित्रांत पाहिलेले असेलच. मराठी पाहुण्याने मात्र शिखराकडे पाहून झाल्यावर मान खाली घालून प्राकाराच्या भिंतीकडे जावे. तेथे दगडावर चक्क देवनागरीत मराठी मजकूर कोरलेला आहे. सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा समग्र इतिहास येथे कोरविला. मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आमची मुलगी बंगळुरास शाळेत कानडी व इंग्रजी शिकते, मराठी तेवढे घरी. तिने बोट ठेवून अक्षरे लावण्यास आरंभ केला. शब्द जुने आणि एकमेकांस चिकटलेले, त्यामुळे ती अडखळत होती. पण अर्धी ओळ लागली तेव्हा तिने वळून विचारले, "बाबा, हे आपल्यासाठी लिहिलंय का?" यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. आसपासच्या गर्दीतील कोणासही ती अक्षरे वाचता येत नव्हती, हे मात्र खरे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही राजवाड्यात आणि सरस्वती महाल ग्रंथालयात काढली. या ग्रंथालयाचा पाया नायक राजांच्या काळातला, पण त्यास आजचे वैभव आणले ते सरफोजींनी. संस्कृत, तमिळ व तेलुगू पोथ्यांच्या जोडीने तेथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांत तंजावरच्या राजांच्या वेळची नाटकेही आहेत. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ मधील विष्णुदास भाव्यांच्या सांगलीच्या प्रयोगापासून मोजतो. त्याच्या कितीतरी आधी येथे मराठी नाटके लिहिली गेली होती. आणखी एक गोष्ट, जी भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्यास विशेष मोलाची वाटते, ती अशी की सरफोजींनी देवनागरीचे खिळे असलेला छापखाना तंजावरास चालविला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापनीतीचे मराठी भाषांतर छापविले. 'बालबोध मुक्तावली' हे त्याचे नाव. मुंबईस मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्यापूर्वी कोल्ह्याची व द्राक्षांची गोष्ट कावेरीच्या काठी मराठीतून छापली गेली होती!

जाता जाता सांबाराविषयी. संभाजी महाराजांच्या सन्मानार्थ तंजावरच्या मुदपाकखान्यात कोकमाऐवजी चिंच घातलेली आमटी झाली आणि तिचे नाव सांबार पडले, ही कथा येथे सर्वजण सांगतात. तिचा पुरावा मागू नये आणि सांबार मागून घ्यावे, हे उत्तम.

तंजावरहून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता ओरत्तनाडू व पट्टुकोट्टै या गावांवरून जातो. ओरत्तनाडूस मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबा या सरफोजींच्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ हे अन्नछत्र उभारलेले आहे. काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी या वाटेवर अशी अनेक छत्रे चालविली. तेथे जातपात न पाहता शिजलेला भात मिळे, आजारी वाटसरूस औषध मिळे, आणि काही ठिकाणी मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. १७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनीने घेतले. किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच त्यांच्याकडे राहिले. त्यानंतर कंपनीच्या रेसिडेंटास त्यांनी छत्रांविषयी जे पत्र लिहिले ते वाचण्याजोगे आहे. राज्य गेल्याची तक्रार त्यात नाही. कळकळ आहे ती ही की, ही अन्नछत्रे तरी आपल्याकडून काढून घेतली जाऊ नयेत.

हे ध्यानात ठेवून पुढे मल्लिपट्टिनमजवळ जावे. माडांच्या रांगांमधून समुद्र दिसू लागतो, आणि त्याच्या काठाशी एक षट्कोनी, आठ मजल्यांचा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे पंचाहत्तर फूट उंचीचा बुरूज उभा दिसतो. तट आणि खंदक यांनी तो वेढलेला आहे. या गावाचे नाव सरभेंद्रराजपट्टिनम. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच. बुरुजास मात्र तमिळ कोळीसुद्धा 'मनोरा' म्हणतात. आपला शब्द असा परक्या किनाऱ्यावर सहजपणे रुळलेला पाहून जी मौज वाटते ती सांगता येण्यासारखी नाही.

मनोरा कशासाठी बांधला? इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ! तसा लेख मराठी व इंग्रजीसह अनेक भाषांत तेथे बसविलेला आहे. मार्गदर्शक पुस्तकांत वॉटर्लूचे नाव येते, परंतु लेखातील साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई १८१५ च्या जूनमधली. तेव्हा हा आनंद नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा समजला पाहिजे.

इंग्लंडच्या दक्षिणेस केंट नावाचा परगणा आहे. डोव्हरचा किल्ला तेथलाच. फ्रान्सचा किनारा तेथून अवघा तेहतीस किलोमीटरवर. नेपोलियन उतरेल या भयाने इंग्रजांनी १८०५ नंतर केंट व ससेक्सच्या किनाऱ्यावर मार्टेलो नावाचे चौऱ्याहत्तर ठेंगणे, जाड भिंतींचे गोल बुरूज बांधले. आज तेथे मोटारीने फिरणारे प्रवासी ते कौतुकाने पाहतात. त्या बुरुजांवरच्या तोफांना फ्रेंच आरमाराशी लढण्याचा प्रसंग आलाच नाही. ज्या शत्रूच्या धास्तीने तेथे दगड चढले, त्याच्याच पाडावाच्या आनंदाने हजारो मैलांवर एका मराठी राजाने दगड चढविले. मात्र तेथील बुरूज मालकाने आपल्या घरासाठी बांधले होते. येथे घरच दुसऱ्याचे झाले होते.

कित्येकांना मनोरा पाहून लाज वाटते. माझ्या सोबत्यांपैकी एकाने त्यास सरळ लाचारीचा खांब म्हटले. मला तसे म्हणवत नाही. सरफोजी हे जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेले, युरोपातील ग्रंथ व यंत्रे मागविणारे, आणि तरीही १८२० मध्ये काशीयात्रेस निघालेले गृहस्थ. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते. होती ती छत्रे, पोथ्या आणि रुग्णालय. ती राखण्यासाठी कंपनीची मर्जी राखणे भाग होते. मनोऱ्याच्या दगडांत खुशामत आहे हे मी नाकारीत नाही. पण त्या खुशामतीच्या आडोशाने पोथ्या टिकल्या, हेही नाकारता येत नाही. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि किल्लाही गेला, ग्रंथालय राहिले.

येथला समुद्र तळ्यासारखा शांत व उथळ असतो. पाल्कच्या उपसागरात समुद्रतळाच्या गवतावर चरणारा डुगाँग नावाचा सस्तन प्राणी आढळतो. २०२२ मध्ये त्याच्यासाठी येथे देशातील पहिले राखीव क्षेत्र जाहीर झाले. आम्हास तो दिसला नाही. तो कोळ्यांनाही क्वचितच दिसतो.

पुढचा किनारा आम्ही उत्तरेकडे धरला. वेदारण्यम्, जेथे १९३० मध्ये राजाजींनी त्रिचनापल्लीहून पायी येऊन मीठ उचलले, तेथे मिठागरे पांढरीशुभ्र पसरलेली असतात. वेळांकण्णीस गर्दी फार. नागपट्टिनम जिल्ह्यात २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीने सहा हजारांवर माणसे नेली. आम्ही गेलो तेव्हा तो स्मृतिदिन नुकताच होऊन गेला होता आणि वाळूवर वाळलेले हार पडले होते. तेथून नागोर अगदी जवळ. शाहुल हमीद यांच्या दर्ग्याचे पाच मिनार लांबून दिसतात. त्यांतला सर्वांत उंच, एकशेएकतीस फुटांचा, तंजावरचे राजे प्रतापसिंह यांनी बांधविला. त्यालाही लोक 'पेरिय मनारा', म्हणजे मोठा मनोरा, असेच म्हणतात. हा मात्र कोणाच्या विजयाचा नव्हे. दर्ग्यात नवस फेडण्यास आलेल्यांत हिंदू कुटुंबे पुष्कळ होती.

मध्ये कारैकाल लागते; ते एकेकाळी फ्रेंचांचे, आता पुदुच्चेरीचा भाग. मग तरंगंबाडी. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांस येथे वखार घालू दिली. त्यांचा डान्सबोर्ग किल्ला समुद्रासमोर आजही पिवळसर भिंतींनी उभा आहे. येथेच झीगेनबाल्ग या पाद्र्याने १७०६ मध्ये येऊन तमिळ शिकण्यास आरंभ केला आणि पुढे तमिळ बायबल छापले. डेन लोकांनी हे ठाणे १८४५ मध्ये इंग्रजांस विकले. किल्ल्याच्या बाजूचे मासिलामणिनाथाचे मंदिर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे आहे; त्याचा पुढचा भाग लाटांनी केव्हाच नेला. संध्याकाळी मुले दगडी बांधावर बसून लाटा मोजीत होती. आम्ही कुंभकोणमकडे निघालो तेव्हा अंधार पडत आला होता आणि भाताच्या खाचरांतून बेडकांचा आवाज सुरू झाला होता.