घडी

खारी गावात आमच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी खाडीचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे चिमट्यांना जुमानत नाहीत. भाईंदरच्या मिठागरांवरून येणारा वारा. ओठांवर जीभ फिरवली तर त्याची चवही लागते. अशाच एका दुपारी आजीचं लुगडं काढायला गेले. एक काठ हातात, बाकीचं सगळं वाऱ्यात. बघता बघता लुगड्याला पोट आलं आणि असा हिसका बसला की मी दोन पावलं कठड्याकडे ओढली गेले. धुऊन धुऊन विरलेलं कापड ते. पण त्यात अडकलेली हवा काही विरलेली नव्हती.

त्या हिसक्यात मला पॅराशूट कळलं. आजीला ते सांगितलं तर ती म्हणाली, "आधी घडी घाल." आणि मग काठाला काठ, पदराला पदर लावत, तळव्याने सुरकुती दाबत तिनेच ती घातली.

विमानातून मारलेल्या उडीचं सगळं नशीब घडीतच असतं. छत्री उघडल्याची छायाचित्रं सगळे पाहतात. ती मिटवणारे हात कोणी पाहत नाही. लांबलचक टेबलावर छत्री आडवी पसरायची, एकेक पाकळी सारखी करायची, दोऱ्या एकमेकींत गुंतू न देता नागमोडी रचायच्या, आणि खोलीएवढं कापड पाठीवरच्या पिशवीत बसवायचं. सैन्यात घडी घालणारा बहुधा एक आणि उडी मारणारा दुसरा. दोघांची ओळखही नसते. एवढा विश्वास आपण घरच्यांवर तरी टाकतो का?

आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या पुऱ्या केल्या की सैनिकाच्या छातीवर पंख येतात. विमानात माथ्याजवळून पोलादी तार गेलेली असते, पिशवीची पट्टी तिला आकड्याने अडकवलेली. तांबडा दिवा लागतो, मग हिरवा, आणि दारातून पाऊल बाहेर. त्याने काही ओढायचं नसतं. त्याच्याच वजनाने पट्टी ताणते, पिशवी उघडते, आधी दोऱ्या सुटतात, मग कापड. तीन-चार सेकंदांचा खेळ. नाहीच उघडली, तर छातीवर राखीव छत्री असते. गोल छत्रीच्या माथ्यावर एक भोक ठेवलेलं असतं, ते मला फार आवडतं. कोंडलेली हवा तिथून थोडी थोडी निसटते. ते नसेल तर ती एकदा या कडेने, एकदा त्या कडेने सांडते आणि खालचा माणूस झोके घेत राहतो. उतरणंही फुलासारखं वगैरे नसतं. पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी टाकल्याइतका दणका बसतो. म्हणून पाय जुळवून, गुडघे सैल ठेवून जमिनीवर लोळण घ्यायची.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ च्या एप्रिलमध्ये आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये, सुमारे तेरा हजार फुटांवरून, नऊवारी नेसून. ती बातमी मी दोनदा वाचली. अशा उडीत विमानाला अडकवलेली पट्टी नसते. मिनिटभर नुसतं कोसळायचं आणि मग आपल्या हाताने छत्री उघडायची. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात कासोटा जागेवर राहिला, याचं कौतुक नेसणाऱ्या बाईलाच कळेल.

पण मराठी माणसाची मोठी उडी त्याच्या कितीतरी आधीची. ११ डिसेंबर १९७१, भारत-पाकिस्तान युद्ध चालू, दुपार उतरताना, आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलजवळ. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. नाव बदललं तरी 'मराठा' हा शब्द तिच्या नावापुढे कंसात राहिलाच. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली सातशेच्या आसपास जवान आकाशातून उतरले आणि पुंगलीचा पूल त्यांनी त्याच संध्याकाळी ताब्यात घेतला. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तिथे अडली. खाली स्थानिक बंगाली नेते कादर सिद्दिकी यांचे मुक्तिबाहिनीतले लढवय्ये आणि गावकरी होते. शेतात, तळ्यांत विखुरलेलं सामान गोळा करायला तेही धावले. पलटणीत सातारा-कोल्हापूरकडची पोरं होती. त्यांतल्या कितीजणांनी भरतीआधी विमान जवळून पाहिलं असेल?

वर्तमानपत्रांत पॅराशूटांनी भरलेल्या आकाशाचं छायाचित्र छापून आलं. ते टांगाइलचं नव्हतंच, आग्र्याच्या जुन्या सरावाचं होतं. आकडाही फुगून पाच हजारांवर गेला आणि ढाक्यात धसका बसला. अफवेतही हवा भरावी लागतेच. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय सैनिकांत हीच पलटण होती.

टांगाइलवर मी जे काही वाचलं, त्यात पलटणीचं नाव आहे, अधिकाऱ्यांची आहेत, विमानांची आहेत. त्या सातशे छत्र्यांची घडी घालणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठे आलेलं नाही. माझ्या मते ती कथा अजून अर्धीच लिहिली गेली आहे.