वाचला, पण...

होस्टेलवर मलेरिया म्हणजे काय? थंडी वाजणं, चार दिवस मेसच्या भाजीतून सुटका आणि बुडालेलं सबमिशन. आठवड्याभरात गडी पुन्हा कट्ट्यावर हजर!

माझी रूममेट गडचिरोलीची. तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना त्याला तापात झटके आले. दोन दिवस तो बेशुद्ध होता. रक्तात फाल्सिपॅरम मलेरिया निघाला. मग पोरगा शुद्धीवर आला, घरी आला. सगळे म्हणाले, "वाचला!" पुढे शाळेत पाढे पाठ होईनात, सांगितलेलं लगेच विसरायचा. आता तेच सगळे म्हणतात, "ढ आहे." बाबा त्याला शाळेतून काढायचं म्हणतात.

तिचं ऐकल्यावर मी वाचायला घेतलं. फाल्सिपॅरमचा परजीवी ज्या तांबड्या पेशीत वाढतो, ती पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटते. पाइपात गाळ साचावा तसंच! रक्ताला वाट मिळत नाही, मेंदूला सूज येते. मलावीतल्या ब्लँटायरमध्ये अशा मुलांचे एमआरआय काढले गेले. दगावलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूला प्रचंड सूज होती, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं.

आणि जी वाचली ती? युगांडात कंपाला इथे अशा मुलांना दोन वर्षांनी तपासलं. २००८ च्या त्या अभ्यासात साधारण चारांतल्या एका मुलाचं लक्ष, स्मरण किंवा शिकणं कमी पडत होतं. काहींना तर पुढे फिट्स सुरू होतात.

आपण इंजिनियर लोक मशीन दुरुस्त झालं की लगेच लोडवर टेस्ट करतो. इथे मात्र ताप उतरला की फाइल बंद! झटके येऊन बेशुद्ध झालेल्या प्रत्येक मुलाची वर्षभराने तरी तपासणी व्हायला नको का? रूममेटच्या भावाचीही अजून झालेली नाही. या सुट्टीत ती त्याला नागपूरला दाखवणार आहे, बाबांशी भांडून.

चांगली बातमीही आहे. ऑक्सफर्डने शोधलेल्या आणि आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनणाऱ्या आर२१ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केली. लस पुढच्या मुलांना वाचवेल. पण जी आधीच वाचली आहेत, त्यांच्या वाट्याला निदान 'ढ' हा शिक्का तरी येऊ नये. तो पुसायला लस लागत नाही, मित्रांनो!