मोर्शीची बिजेची कोर

अमरावतीहून मोर्शीस जाणारा रस्ता पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा आहे. वरूडकडे जाणाऱ्या एस. टी.नें निघालें म्हणजे काळ्या जमिनींतील कपाशीचीं व तुरीचीं शेतें मागें पडत जातात, आणि मोर्शी जवळ येतां येतां संत्र्याच्या बागा लागतात. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसूं लागते. गांवास लागून दमयंती नदी आहे. आणि सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयास 'नळ-दमयंती सागर' असें नांव दिलेलें आहे. बाहेरगांवचा प्रवासी बहुधा बागा, धरण आणि सालबर्डीचा महादेव एवढें पाहून परततो. आमचें मूळ घर मोर्शीचें असल्यामुळें आम्ही वाचकांस चौथी एक गोष्ट सुचवूं इच्छितों. तिच्यासाठीं अमावास्येच्या पुढची संध्याकाळ गांठावी, शिवाराकडे चालत जावें, आणि पश्चिमेकडे तोंड करून बिजेच्या चंद्राची वाट पाहावी.

चंद्र काय अमरावतीस दिसत नाहीं, असें कोणी विचारील. दिसतो, परंतु ही कोर क्षितिजालगत, संधिप्रकाशांत आणि थोडाच वेळ असते. शहरांतील इमारती व दिवे यांच्या गर्दींत ती हरवते. मोर्शीच्या पश्चिमेस डोंगर नाहीं, सपाट शेतें आहेत. शिवाय या गांवच्या नदीचें नांवच त्या कोरीची आठवण करून देतें. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत विदर्भाच्या भीमराजानें आपली हरवलेली कन्या दमयंती शोधण्यासाठीं ब्राह्मण पाठविले. त्यांपैकीं सुदेवास ती चेदि राजाच्या वाड्यांत आढळली. मळानें माखलेली, कृश झालेली ती राजकन्या कोणासही ओळखूं येत नव्हती. तिचें वर्णन करितांना कवीनें उपमा दिली आहे ती प्रतिपदेच्या मलिन, फारशा न झळकणाऱ्या चंद्रलेखेची! सुदेवानें तिला ओळखलें तें भुवयांमधील तिळावरून. तो तीळ कोठें असावयाचा हें त्यास ठाऊक होतें, म्हणून धुळीखालींही तो त्यास दिसला. बारीक कोरीचें असेंच आहे. जो कोठें पाहावें हें जाणतो, त्यासच ती सांपडते.

कोठें व केव्हां पाहावें, हें आपल्या ज्योतिषानें फार पूर्वीं ठरवून ठेविलें आहे. सूर्य व चंद्र यांच्यामधील अंतर १२ अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि पूर्ण होते. तिला कधीं २० तास तर कधीं जवळजवळ २७ तास लागतात. सूर्यसिद्धांतानें चंद्राच्या उदयास्ताची मर्यादाही १२ अंशांचीच सांगितली आहे. या १२ अंशांच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटें होतात. सूर्य मावळल्यावर चंद्र तेवढा वेळ तरी मागें रेंगाळला पाहिजे, तर तो डोळ्यांस दिसावा. आधुनिक ज्योतिर्विद सांगतात कीं, हें अंतर सुमारे ७ अंशांहून कमी असलें तर कोर मुळीं दिसतच नाहीं. म्हणून चंद्रदर्शनाचा मान स्वाभाविकपणें द्वितीयेकडे गेला. मग शिवछत्रपतींच्या संस्कृत राजमुद्रेंत प्रतिपदेच्या चंद्रलेखेची उपमा कशी, अशी शंका विद्यार्थी नेहमीं घेतात. तिचें उत्तर सोपें आहे. पंचांगांतील दिवसास सूर्योदयाच्या तिथीचें नांव मिळतें. त्याच दिवशीं सायंकाळपर्यंत द्वितीया लागलेली असूं शकते. त्या दिवसास लोक प्रतिपदाच म्हणणार, आणि कोरही दिसणार.

आमच्या भागांत या दर्शनाचा उत्तम योग महाशिवरात्रीनंतर येतो. सालबर्डीच्या यात्रेस निघालेला यात्रेकरू माघ वद्य चतुर्दशीच्या पहाटे पूर्वेकडे पाहील तर सरत्या चंद्राची रेघ त्यास सूर्योदयापूर्वीं दिसेल. अमावास्येसही ती दिसली तर त्या तिथीस अमरकोशांत 'सिनीवाली' म्हटलें आहे, न दिसली तर 'कुहू'. पुढें दोनतीन दिवसांनीं तीच रेघ पश्चिमेस पुन्हां प्रकट होते. चंद्रशेखर महादेवाचें दर्शन घेऊन आलेल्या मनुष्यास त्याच्या मस्तकावरील भूषण असें दोन्ही दिशांस पाहावयास मिळावें, यापरतें यात्रेचें उद्यापन तें कोणतें?

फाल्गुन-चैत्रांत ही कोर बहुधा नावेसारखी आडवी दिसते. आश्विन-कार्तिकांत ती डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, कललेली असते आणि तिचें उत्तरेचें टोंक उंचावलेलें असतें. सूर्य-चंद्रांचा मार्ग वसंतांत क्षितिजावर जवळजवळ उभा आणि शरदांत तिरपा असतो, हें त्याचें कारण. टोंकांच्या या उंचावण्यास 'शृंगोन्नति' म्हणतात. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कोरीच्या आकारांस नौका, लांगल म्हणजे नांगर, दंड, धनुष्य, युग म्हणजे जूं, अशीं नांवें दिलीं आहेत. नांगर आणि जूं हीं नांवें वऱ्हाडच्या शेतकऱ्यास समजावून सांगावीं लागत नाहींत.

पंचांगांत चंद्रदर्शनापुढें मुहूर्त १५, ३० किंवा ४५ असा आंकडा असतो. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा व शततारका हीं १५ मुहूर्तांचीं नक्षत्रें; त्यांत चंद्र दिसला तर महर्घ, म्हणजे धान्य महाग. रोहिणी, पुनर्वसु, विशाखा व तिन्ही उत्तरा यांचे ४५, म्हणजे स्वस्ताई. बाकीच्यांचे ३०, म्हणजे भाव सम. आम्ही या फलाविषयीं आग्रह धरीत नाहीं. कपाशीचा भाव पाऊस ठरवितो आणि दूरचे बाजार ठरवितात. परंतु चंद्र कोणत्या नक्षत्रांत दिसला हें पाहण्याच्या निमित्तानें मनुष्य दर महिन्यास आकाशाकडे पाहत असे, हा लाभ लहान नव्हे.

घराघरांतील आचार याहूनही साधे आहेत. बिजेच्या चंद्रास जुन्या वस्त्राची दशी वाहून नवें मागण्याची रीत पुष्कळांस आठवत असेल. भाद्रपदांत मात्र दोनच दिवसांनीं, चतुर्थीस, तोच चंद्र वर्ज्य होतो; स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ श्रीकृष्णावर आला तो त्या दर्शनामुळें, अशी कथा आहे. १९४७ नंतर सिंधमधून वऱ्हाडांत येऊन राहिलेली मंडळी चैत्राच्या याच कोरीस चेटीचंड साजरा करितात. रमजानच्या अखेरीस मुसलमान शेजारीही त्याच पश्चिमेकडे पाहत उभे असतात.

या सर्वांत भाऊबीज आम्हांस अधिक जवळची वाटते. त्या दिवशीं स्त्रिया आधीं चंद्रास ओवाळतात, मग भावास. आणि जिला भाऊ नाहीं तिचा भाऊ चंद्रच. आमच्या मोर्शीच्या घरीं आमच्या आत्याबाई आहेत. वय नव्वदीच्या घरांत. त्यांचे सर्व बंधु, आमचे वडील धरून, निवर्तले. भाचे ओवाळून घेण्यास हजर असतात, परंतु त्यांचें पहिलें निरांजन चंद्रास. आतां त्यांच्या डोळ्यांस कोर दिसत नाहीं. एका वर्षीं घरांतील तरुणांनीं मोबाईलवर चंद्रास्ताची वेळ पाहून सांगितलें, "आत्याआजी, चंद्र आहेच तिकडे, ओवाळा आणि आंत चला, गार वारा आहे." त्या म्हणाल्या, "आहे हें मलाही ठाऊक आहे रे. कोणीतरी पाहिला पाहिजे ना!" मग आठ वर्षांच्या पणतीस जवळ घेऊन त्यांनीं खूण सांगितली: सूर्य बुडाला त्याच्या डाव्या अंगास, कडुनिंबाच्या खालच्या फांदीच्या जरा वर. पोरीनें बराच वेळ शोधिलें आणि बोट दाखविलें. त्या बोटाच्या रोखानें आत्याबाईंनीं निरांजन ओवाळलें.

संस्कृतांत शाखाचंद्रन्याय म्हणून एक दृष्टांत आहे: बारीक चंद्र दाखवावयाचा तर आधीं झाडाची फांदी दाखवावी. आम्हीं तो वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. परंतु फांदी दाखविणारा एक आणि चंद्र पाहणारा दुसरा, अशीं दोन माणसें त्याला लागतात, हें त्याचें मर्म आम्हांस त्या गच्चीवर कळलें. वृद्धांपाशीं खूण आहे, मुलांपाशीं दृष्टि आहे. घरें लहान होऊन मुलें पुण्यामुंबईस गेलीं म्हणजे खूण एका गांवीं राहते आणि दृष्टि दुसऱ्या गांवीं. पंचांग व मोबाईल वेळ बिनचूक सांगतील, पण वेळ कळली म्हणून चंद्र पाहिला असें होत नाहीं.

तेव्हां वाचकांनीं येत्या बिजेस एवढें करावें. सूर्यास्तानंतर वीसएक मिनिटांनीं घरांतील सर्वांत वडील आणि सर्वांत लहान अशा दोघांस बरोबर घेऊन मोकळ्या जागीं जावें. घाई करूं नये. कोर तासाभरांत मावळेल, पण तेवढा वेळ पुरतो.